सागरी मासेमारीच्या सहली : मोजदादीचा धडा

(किनारपट्टीवरील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकण किनाऱ्यावर पर्यटनाचा व्यवसाय गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढला आहे. पूर्वी ज्या बंदरात केवळ मासळीच्या होड्या लागत, तेथे आज प्रवाशांना जलदुर्गावर नेणाऱ्या, डॉल्फिन दाखविणाऱ्या आणि हौशी मंडळींना गळ टाकून मासे गरवण्याचा आनंद देणाऱ्या नौका उभ्या असतात. या व्यवसायामुळे अनेक मच्छीमार कुटुंबांच्या हाती चार पैसे खेळू लागले, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि व्यवसायाबरोबर जबाबदारीही वाढत असते. ही जबाबदारी कोणत्या स्वरूपाची असते, तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर काय घडते आणि ती निभावण्यासाठी कोणती व्यवस्था उभारावी लागते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील एका जुन्या व्यवसायाचा इतिहास उपयोगी पडण्यासारखा आहे. तो व्यवसाय म्हणजे ‘पार्टी बोटी’चा.

दरडोई भाड्याची नौका

‘पार्टी बोट’ या नावावरून खाण्यापिण्याच्या मेजवानीचा समज होण्याचा संभव आहे. येथे ‘पार्टी’ म्हणजे केवळ जमलेली मंडळी. काही किनाऱ्यांवर तिला ‘हेड बोट’ असेही म्हणतात, कारण तिचे भाडे दरडोई आकारले जाते. एखाद्या कुटुंबाने किंवा मित्रमंडळाने संपूर्ण नौका भाड्याने घेतली तर ती ‘चार्टर बोट’ ठरते, आणि तिचा खर्च सामान्य माणसाला परवडत नाही. पार्टी बोटीत मात्र कोणीही सकाळी धक्क्यावर यावे, आपल्यापुरते भाडे भरावे आणि कठड्याशी जागा धरावी. गळ, दोरी, शिसे आणि आमिष नौकेवरच मिळते. नवशिक्याला गळ कसा टाकावा हे खलाशी दाखवितो, गुंता झाला तर सोडवून देतो आणि परतताना पकडलेले मासे साफ करून देतो. सर्वांत मोठा मासा पकडणाऱ्यास मिळावी म्हणून प्रवासी आपसात थोडी थोडी वर्गणी काढून ठेवतात, अशीही प्रथा आहे.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटापासून फ्लोरिडा, मेक्सिकोचे आखात आणि कॅलिफोर्नियापर्यंत अशा नौका चालतात. काही अर्ध्या दिवसात परततात, तर सॅन दिएगोहून निघणाऱ्या काही नौका अनेक दिवस समुद्रावर राहतात. कारखान्यातील कामगार, दुकानदार, निवृत्त शिक्षक अशा साध्या माणसांना खोल समुद्राचे दर्शन घडविणारी ही सोय आहे. तिची लोकप्रियता तिच्या स्वस्ताईत आहे, आणि तिच्यातील धोक्याचे मूळही तेथेच आहे. नौका रिकामी जावो वा भरून जावो, तांडेलाचा, खलाशांचा आणि तेलाचा खर्च जवळजवळ तेवढाच येतो. त्यामुळे ठरावीक संख्येनंतर चढणारा प्रत्येक प्रवासी म्हणजे निव्वळ नफा असतो. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गर्दी उसळली असता “आता पुरे” असे म्हणणे नौकामालकाला किती अवघड जात असेल, याची कल्पना हंगामी धंदा करणाऱ्या कोणालाही सहज येईल.

१ सप्टेंबर १९५१

लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला माँटॉक नावाचे मासेमारीचे गाव आहे. न्यूयॉर्क शहरापासून ते रेल्वेने सुमारे १८५ किलोमीटर अंतरावर येते. त्या काळी सुट्टीच्या दिवशी पहाटे शहरातून मच्छीमारांसाठी खास गाडी सुटत असे. गाडी धक्क्याजवळ थांबली की प्रवासी धावतपळत चांगली जागा मिळविण्यासाठी नौकांकडे जात. शनिवार, दिनांक १ सप्टेंबर १९५१ हा कामगार दिनाला जोडून आलेल्या सुट्टीतील पहिला दिवस होता. ‘पेलिकन’ नावाची ४२ फूट लांबीची नौका त्या सकाळी ६२ प्रवासी घेऊन निघाली. तांडेल आणि त्याचा सोबती धरून नौकेवर एकूण ६४ माणसे होती.

काही तासांतच हवा बिघडली. ईशान्येकडून जोराचा वारा सुटला आणि समुद्र खवळला. नौका परत फिरली, परंतु तिच्या दोन यंत्रांपैकी एक बंद पडले. एका यंत्रावर, वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या विरुद्ध, ती अत्यंत मंद गतीने माँटॉकच्या टोकाला वळसा घालू लागली. दुपारी दोनच्या सुमारास लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी ती एका अंगावर झुकली आणि उभी माणसे त्या बाजूला कोसळली. भार एका बाजूला गेल्यावर नौकेला सावरता आले नाही, ती उलटली. काही प्रवासी खोलीत अडकले, काही पाण्यात फेकले गेले. जवळपासच्या नौकांनी धाव घेऊन काही जणांना वर ओढले. १९ जण वाचले. तांडेलासह ४५ जणांना जलसमाधी मिळाली. किनारा नजरेच्या टप्प्यात होता.

चौकशीत जी गोष्ट पुढे आली ती विचार करायला लावणारी होती. पेलिकनवर तिच्या आकारमानाच्या मानाने भलताच भार होता, हे उघड होते. परंतु १५ टनांखालील अशा लहान यांत्रिक नौकांची सरकारी तपासणी करण्याची तरतूदच त्या वेळच्या कायद्यात नव्हती. नौका चालविणाऱ्यास परवाना लागत असे. नौका किती माणसांचा भार पेलू शकते, हे मात्र कोणी मोजलेले नव्हते. जेथे मापच घेतलेले नाही तेथे मर्यादेचे उल्लंघन तरी कसे ठरवावे?

मर्यादा कशी ठरते

या अपघातातून धडा घेऊन अमेरिकेच्या काँग्रेसने १९५६ च्या मे महिन्यात नवा कायदा केला. सहाहून अधिक प्रवासी भाड्याने नेणाऱ्या प्रत्येक लहान नौकेची तटरक्षक दलाकडून तपासणी झालीच पाहिजे, असे त्याने ठरविले. एका सुट्टीच्या दिवशी ४५ माणसे गेली, आणि कायदा येण्यास साडेचार वर्षे लागली. या दिरंगाईची नोंद घेऊन पुढे जाऊ.

या कायद्याखालील नियमांची पद्धत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही समजून घ्यावी इतकी सुबोध आहे. नौकेवर किती प्रवासी मावतात हे तीन प्रकारे मोजता येते. एक, कठड्याच्या लांबीवरून. दर माणसामागे ३० इंच कठडा धरला जातो. दोन, मोकळ्या डेकच्या क्षेत्रफळावरून. दर माणसामागे १० चौरस फूट. तीन, पक्क्या बाकांवरून. दर माणसामागे १८ इंच रुंदीची बैठक. परंतु जागा असणे आणि भार पेलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नौकेच्या तोलाची स्वतंत्र परीक्षा घेतली जाते. प्रवाशांच्या वजनाइतकी वजने नौकेवर ठेवतात, मग सर्व प्रवासी एका बाजूला धावले असता जे घडेल ते पाहण्यासाठी ती वजने एका बाजूला सरकवितात आणि नौका किती कलते ते खुणेवर मोजतात. ठरलेल्या खुणेपलीकडे ती कलली तर प्रवासीसंख्या कमी केली जाते. अंतिम आकडा प्रमाणपत्रावर लिहून ते प्रमाणपत्र प्रवाशांना दिसेल अशा जागी लावावे लागते. निघण्यापूर्वी नौकेवरील माणसांची मोजदाद होते, तिची लेखी नोंद राहते, आणि जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत व ती कशी घालावीत हे प्रवाशांना सांगितले जाते.

एका बाजूच्या भाराला एवढे महत्त्व का? भाताच्या पेंढ्यांनी उंच भरलेली बैलगाडी सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालते, पण एक चाक खड्ड्यात गेले की ती आडवी होते. भार जितका उंच तितका तोल नाजूक. नौकेवर उभी असलेली माणसे म्हणजे उंचावर रचलेला भारच होय, आणि हा भार स्वतःच्या पायांनी हलतो. डॉल्फिन उजवीकडे दिसला की सर्व उजवीकडे जातात. लाट डावीकडून आली की सर्व घाबरून दुसऱ्या बाजूला सरकतात. त्यात नौकेच्या तळाशी पाणी साचलेले असेल तर संकट दुणावते. पाणी भरलेली परात उचलून चालताना ती जरा कलली की सारे पाणी त्याच काठाकडे धावते आणि परात हातातून सुटू पाहते. नौकेच्या तळातील पाणी नेमके हेच करते. म्हणून पाणी उपसण्याचा पंप चालू स्थितीत असणे ही शोभेची गोष्ट नाही.

कागदावरचा आकडा जुना होतो

एकदा मर्यादा ठरविली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. २ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज या सरोवरात ‘इथन ॲलन’ नावाची सहलीची नौका भर दिवसा, शांत हवेत उलटली. नौकेवर ४७ वयोवृद्ध पर्यटक होते, त्यांपैकी २० जण मरण पावले. कागदोपत्री नौका मर्यादेत होती. तिला ४८ प्रवाशांची परवानगी होती. मग चूक कोठे झाली? परवानगी देताना माणसाचे सरासरी वजन १४० पौंड, म्हणजे सुमारे ६३.५ किलोग्रॅम धरले होते. प्रत्यक्षात प्रवासी त्याहून बरेच जड होते. शिवाय मूळच्या कापडी छताऐवजी लाकडी छत बसविण्यात आले होते, आणि या बदलानंतर तोलाची नव्याने परीक्षा झालेली नव्हती. चौकशी मंडळाने हिशेब करून सांगितले की, त्या नौकेवर एकूण १४ माणसांनाच परवानगी असावयास हवी होती.

त्याच्या आदल्या वर्षी, ६ मार्च २००४ रोजी, बाल्टिमोर बंदरात ‘लेडी डी’ ही लहान प्रवासी नौका वादळी झोतात उलटून पाच जण मृत्यू पावले होते. तेथेही जुन्या वजनाचा प्रश्न पुढे आला. अखेर २०११ पासून अमेरिकेने माणसाचे गृहीत सरासरी वजन १८५ पौंड, म्हणजे सुमारे ८४ किलोग्रॅम केले. हा फरक वाटतो तितका लहान नाही. जुन्या १४० पौंडांच्या हिशेबाने ४० प्रवाशांचे वजन २,५४० किलोग्रॅम होते, नव्या हिशेबाने ते ३,३६० किलोग्रॅम भरते. ८२० किलोग्रॅमचा हा फरक म्हणजे जुन्या मापाने जवळजवळ १३ जादा माणसे.

प्रवाशांची संख्या ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ नांगरून ठेवलेल्या ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्यांच्या सहलीच्या नौकेला पहाटे आग लागली आणि तळमजल्यावर झोपलेली ३४ माणसे मृत्युमुखी पडली. रात्रभर जागता पहारा ठेवण्याचा नियम होता. तो पाळला गेला नव्हता. नौकेच्या तांडेलावर खटला चालून २०२४ साली त्याला चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. तपासणीच्या वेळी नियम पाळणे सोपे असते. तपासनीस नसताना, मध्यरात्री, डोळ्यांवर झोप असताना तो पाळणे म्हणजे खरी सुरक्षितता.

आपल्या किनाऱ्यावरील अनुभव

या दूरदेशीच्या गोष्टी ऐकताना महाराष्ट्रातील श्रोत्यांना ‘रामदास’ बोटीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट ऐन पावसाळ्यात, मुंबई बंदरापासून फार दूर नसताना बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. एका मोठ्या लाटेने बोट कलल्यावर घाबरलेले प्रवासी एका बाजूला गेले आणि बोट आडवी झाली, ही हकीकत कोकणात घरोघरी सांगितली जाते. पेलिकनच्या चार वर्षे आधी आपल्याच किनाऱ्यावर तोच धडा मिळालेला होता.

त्यानंतरच्या काळातही समुद्राने इशारे दिले आहेत. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे सायंकाळच्या वेळी सहलीची नौका उलटली आणि मुलाबाळांसह २२ जण बुडाले. ती मुळात मासेमारीची नौका होती. तिच्यात फेरफार करून ती पर्यटनाला वापरली जात होती आणि तिच्यावर माणसांची दाटी झालेली होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर नौदलाची एक वेगवान नौका आदळून १५ जणांचा बळी गेला. या दुर्घटनेचे कारण टक्कर हे होते. तथापि ८४ प्रवाशांची परवानगी असलेल्या नौकेवर शंभराहून अधिक माणसे होती, आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती, हेही त्या दिवशी उघड झाले. टक्कर टाळणे प्रवाशाच्या हाती नसते. जाकीट घालणे असते.

तानूरच्या घटनेतील एक मुद्दा कोकणातील मच्छीमार बांधवांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. मासेमारीच्या नौकेचा भार जाळी, बर्फ आणि मासळी यांच्या रूपाने बहुधा खाली, पोटात असतो. त्याच नौकेवर बाके आणि छप्पर चढवून माणसे बसविली की भार वर जातो. नौका तीच, तांडेल तोच आणि समुद्रही तोच, परंतु तोल बदललेला असतो. वर्षानुवर्षे वादळवाऱ्यात नौका हाकणाऱ्या अनुभवी तांडेलालाही हा बदल नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी तपासणी हवी. २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आणि १९९६ साली स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ ही त्यासाठीची साधने होत.

दुसरी मोजदाद : माशांची

आतापर्यंत माणसांच्या संख्येचा विचार झाला. पार्टी बोटीच्या इतिहासात दुसरी एक संख्याही तितकीच महत्त्वाची आहे, ती माशांची.

फ्लोरिडातील की वेस्ट या गावी सहलीहून परतलेल्या प्रवाशांची, धक्क्यावरील फळीला टांगलेल्या त्यांच्या माशांसह छायाचित्रे काढण्याची जुनी रीत आहे. लॉरेन मॅक्लेनाकन या संशोधिकेने १९५६ ते २००७ या काळातील अशी छायाचित्रे जमवून त्यांतील माशांची मापे काढली आणि २००९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५६ च्या सुमारास फळीवरील माशाचे सरासरी वजन १९.९ किलोग्रॅम होते, २००७ साली ते २.३ किलोग्रॅमवर आले होते. आरंभीच्या चित्रांत माणसापेक्षा मोठे हेकरू जातीचे मासे आणि शार्क दिसतात, अखेरच्या चित्रांत वीतभर-हातभर लांबीचे लहान मासे. चकित करणारी बाब अशी की, भाववाढ लक्षात घेता सहलीचे भाडे जवळजवळ तेवढेच राहिले होते आणि प्रवाशांचे चेहरे दोन्ही काळांत सारखेच हसरे होते. ज्याने मोठा मासा कधी पाहिलाच नाही, त्याला तो नाहीसा झाल्याचे दुःख होत नाही. म्हणून समुद्रातील घट गिऱ्हाईक सांगत नाही, बाजार सांगत नाही. ती नोंदीतूनच कळते.

अशा नोंदीचे महत्त्व ओळखून अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर १९७२ पासून हेड बोटींचे सर्वेक्षण चालू आहे. कोणत्या सहलीत किती माणसांनी कोणते मासे किती पकडले, याची नोंद नौकाचालक देतात. शास्त्रज्ञ धक्क्यावर जाऊन माशांची लांबी व वजन घेतात. या आकड्यांवरून पुढील हंगामाची मर्यादा ठरविण्यास मदत होते. १९७६ साली त्या देशाने २०० सागरी मैलांपर्यंतच्या मत्स्यसंपत्तीच्या व्यवस्थापनाचा कायदा केला, त्या चौकटीत हे काम बसते.

मेक्सिकोच्या आखातातील ‘रेड स्नॅपर’ हा तांबोशीच्या कुळातील मासा पार्टी बोटींचे मोठे आकर्षण आहे. तो पन्नास वर्षांहून अधिक जगू शकतो आणि वाढत्या आकाराबरोबर मादीची अंडी अनेक पटींनी वाढतात. त्यामुळे मोठी मादी गमावणे म्हणजे बियाण्याची कणगी रिकामी करणे होय. अतिमासेमारीमुळे त्याची संख्या धोकादायकरीत्या घटल्यावर कडक बंधने आली. आखातातील केंद्रीय जलक्षेत्रात भाड्याच्या नौकांवरील प्रवाशाला दररोज दरडोई दोनच मासे, तेही किमान १६ इंच लांबीचे आणि ठरलेल्या हंगामातच नेता येतात. ही बंधने सहजासहजी स्वीकारली गेली नाहीत. २०१७ साली खाजगी नौकांसाठी प्रारंभी अवघ्या तीन दिवसांचा हंगाम जाहीर झाला, तेव्हा एवढा असंतोष उसळला की तो वाढवावा लागला. मासे वाढू लागले की लोकांना बंधन नकोसे होते, आणि बंधन सैल झाले की मासे पुन्हा घटतात. ही ओढाताण तेथे आजही संपलेली नाही.

लहान मासा पाण्यात परत सोडला की तो जगतोच, असेही नाही. खोल पाण्यातून मासा झटकन वर ओढला असता दाब कमी झाल्याने त्याच्या पोटातील हवेची पिशवी फुगते. तो पृष्ठभागावर तरंगत राहतो, खाली जाऊ शकत नाही आणि पक्ष्यांच्या किंवा मोठ्या माशांच्या भक्ष्यस्थानी पडतो. यावर उपाय म्हणून वजन लावून माशाला पुन्हा खोलवर नेऊन सोडणारे साधन तयार झाले. आखातात खडकाळ तळावरील मासे धरणाऱ्या नौकांवर असे साधन किंवा पिशवीतील हवा काढण्याची पोकळ सुई तयार ठेवणे २०२२ साली कायद्याने आवश्यक करण्यात आले. नियम करून भागत नाही, तो पाळल्यावर खरोखर मासा वाचतो का हेही पाहावे लागते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

महाराष्ट्रातही या दिशेने पावले पडली आहेत. सागरी मासेमारी नियमनाचा राज्य कायदा १९८१ चा आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. २०२३ साली राज्य शासनाने पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी निश्चित केली. बाजारात हाताच्या पंजापेक्षा लहान पापलेटाचे ढीग दिसतात तेव्हा त्यांतील प्रत्येक पिल्लू एकदाही अंडी न घालता संपलेले असते. हौशी सहलींतून निघणारी मासळी व्यापारी मासेमारीच्या मानाने अत्यल्प आहे. परंतु सहलीला आलेला पर्यटक, विद्यार्थी आणि शहरातला ग्राहक यांना ‘हा मासा अजून लहान आहे, परत सोडा’ असे तांडेलाने स्वतःच्या तोंडाने सांगितले तर त्याचा परिणाम शंभर भित्तिपत्रकांहून अधिक होईल.

गावाने काय करावे

कायदा मुंबईत आणि दिल्लीत होतो, नौका मात्र गावच्या जेटीवरून सुटते. म्हणून गावपातळीवर करता येण्याजोगी काही कामे आहेत. त्यांना फारसा खर्च येत नाही.

पहिले काम फलकाचे. प्रत्येक नौकेची मंजूर प्रवासीसंख्या नौकेच्या दर्शनी भागावर आणि जेटीवरील फलकावर मोठ्या मराठी अक्षरांत रंगवावी. प्रमाणपत्र मालकाच्या कपाटात असून उपयोग नाही. आकडा चढणाऱ्या माणसाला दिसला पाहिजे. म्हणजे पंचविसाच्या नौकेवर तिसावा प्रवासी चढू लागला की आधीचे पंचवीस जणच त्याला अडवतील.

दुसरे काम नोंदवहीचे. नौका सुटण्यापूर्वी माणसे मोजून आकडा, वेळ आणि नौकेचे नाव जेटीवरील वहीत लिहावे, परतल्यावर पुन्हा मोजावे. समुद्रावर काही घडलेच तर किती जणांना शोधावयाचे आहे, हे त्या वहीवरून कळेल. अपघातानंतर ‘नक्की किती माणसे होती’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, आणि शोधकार्याचा बहुमोल वेळ त्यात जातो.

तिसरे काम अधिक अवघड, पण मुळाशी जाणारे आहे. नौकामालक जादा माणसे घेतो ते दुष्टपणाने नव्हे, तर सोडलेले गिऱ्हाईक शेजारच्या नौकेला जाईल या भीतीने. चार महिन्यांच्या हंगामात वर्षाचे कर्ज फेडावयाचे असते. ही भीती दूर करण्याचा मार्ग सहकाराचा आहे. जेटीवरील सर्व नौकांनी संस्था स्थापन करून पाळीने फेऱ्या कराव्यात, तिकीट एकाच खिडकीवर द्यावे आणि उत्पन्नाची वाटणी ठरलेल्या प्रमाणात करावी. मग जादा माणूस घेण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. सहकाराच्या मार्गाने साखर कारखाने आणि दूध संघ उभारणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये.

चौथे काम हवामानाचे. खात्याचा इशारा आला की जेटीवर लाल बावटा लावावा आणि तो उतरेपर्यंत एकही फेरी होऊ नये. पावसाळ्यात सिंधुदुर्ग आणि मुरूड-जंजिरा येथील प्रवासी वाहतूक बंद ठेवण्यात येते, त्याच शिस्तीचा हा पुढचा भाग होय. बावटा असतानाही नौका न्यावी म्हणून आग्रह धरणाऱ्या पाहुण्याला, मग तो कितीही मोठा अधिकारी असो वा पुढारी, नकार देणाऱ्या तांडेलाच्या पाठीशी ग्रामपंचायतीने उभे राहिले पाहिजे. त्या नकाराची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागू नये.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. किनाऱ्यावरील शाळांत मुलांना जीवरक्षक जाकीट बांधण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे, माशांच्या किमान लांबीची पट्टी त्यांच्याकडून पुठ्ठ्यावर तयार करून घ्यावी. परातीतल्या पाण्याचा प्रयोग वर्गात करून दाखविला तर नौकेचा तोल म्हणजे काय हे मुलांना कायमचे समजेल. उद्याचे तांडेल, उद्याचे नौकामालक आणि उद्याचे सरपंच याच वर्गांत बसलेले आहेत.

अधिकाऱ्यांनी तपासणीकडे केवळ वार्षिक उपचार म्हणून पाहू नये. नौकेला नवे छप्पर बसले, यंत्र बदलले, बाके वाढली तर परवानगीचा जुना आकडा रद्दबातल समजावा आणि नवा आकडा ठरवून द्यावा. त्यासाठी नौकामालकाला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागले तर तो बदल लपवील. तपासनीसच ठरलेल्या दिवशी जेटीवर आला तर तो बदल आपण होऊन दाखवील.

पेलिकनवरील माणसे एका दिवसाच्या विरंगुळ्यासाठी निघाली होती. त्यांना समुद्राची ओळख नव्हती. त्यांनी विश्वास ठेवला होता तो नौकेवर आणि ती चालविणाऱ्यावर. येत्या हंगामात घाटावरून आणि शहरांतून येणारा पर्यटकही कोकणच्या जेटीवर असाच विश्वास ठेवून नौकेत पाऊल टाकणार आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीने आपल्या जेटीवरील नौकांची यादी करावी, प्रत्येकीच्या प्रमाणपत्रावरील आकडा पाहावा, आणि ज्या नौकेला असा आकडाच नाही ती आकडा मिळेपर्यंत धक्क्यालाच बांधून ठेवावी. सुरुवात एवढ्यापासून करता येईल.